टिचकी मारून

आपण मराठी माणसे वस्तू वाजवून घेणारी. उन्हाळ्यात माठ घ्यावयास गेलो तर त्याच्या रंगाकडे आणि नक्षीकडे कानाडोळा करून आधी टिचकी मारतो, आणि 'टण्ण' असा जबाब मिळाला तरच खिशात हात घालतो. नारळ कानाशी नेऊन हलवतो. कलिंगडाच्या पोटावर डॉक्टरासारखी बोटे आपटतो. चांदीचा रुपया चालत होता त्या काळी माझी आजी तो दगडावर वाजवल्याशिवाय कनवटीला लावीत नसे. असे असताना मौज पाहा, जिचे सारे सार्थक वाजण्यातच आहे ती वस्तू, म्हणजे घरात ठेवावयाचा स्पीकर, आपण वाचून घेतो! खोक्यावर वॅट किती लिहिले आहेत ते वाचतो, किंमत वाचतो, तिच्यावर मारलेली काट वाचतो आणि सवलतीची अखेरची तारीख वाचून धावत सुटतो. वाजवून पाहण्याचे काम घरी आल्यावर, पावती फाटल्यावर.

आमच्या मिरजेच्या घरात यंदा ही वस्तू घेण्याचे ठरले ते दोन अर्जदारांमुळे. पहिला अर्ज चिरंजीवांचा. ते अकरावीत आहेत. पडद्यावर विमान कोसळले असता ज्या घरातल्या फडताळातील कपबशा किणकिणत नाहीत, त्या घरात चित्रपट पाहिला असे म्हणताच येत नाही, असे त्यांचे मत आहे. तेव्हा सबवूफर पाहिजे. दुसरा अर्ज माझ्या वडिलांचा, आणि तो अर्ज नव्हताच. अप्पा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षे त्यांनी भजनी मंडळात तबला वाजवला. नवा टीव्ही आणल्यापासून 'यातली माणसं पुटपुटतात' अशी तक्रार त्यांनी चारसहा वेळा केली आणि मग तक्रार करणेच सोडून दिले. संध्याकाळी सातच्या बातम्यांना आम्ही सारे आत बसलो की ते बाहेर सोप्यात वर्तमानपत्र घेऊन बसू लागले. दिवेलागण होऊन अक्षर दिसेनासे झाले तरी वर्तमानपत्र हातात तसेच उघडे असे. हे मला बरे वाटेना. म्हातारा माणूस कुरकुरत असतो तोवर तो घरात असतो.

त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पूर्वीच्या पोटाळ टीव्हीत स्पीकर समोर तोंड करून बसलेला असे. हल्लीचे टीव्ही पाटीएवढे पातळ. त्यात स्पीकरला जागाच नाही. मग बोटाएवढे दोन स्पीकर खाली जमिनीकडे किंवा मागे भिंतीकडे तोंड करून चिकटवतात. समोर बसलेल्याशी पाठ फिरवून बोलण्याची ही तऱ्हा! तेव्हा वेगळे स्पीकर घ्यावेत हे सर्वानुमते ठरले. पैसे तीस हजार. त्यात दिवाळीला मिळणारा व पुढे दहा हप्त्यांनी आपल्याच पगारातून कापला जाणारा सण-अग्रिम होता, आणि माझ्या एका कादंबरीचे मानधनही होते. या मानधनाचा आकडा मी सांगत नाही. स्पीकरचे खोके बांधावयास लागणारी सुतळी त्यात आली असती. सौभाग्यवतींनी कारभार आटोपशीरपणे मांडला: "अहो, तीस हजारांत एक तर घर हादरेल, नाहीतर अप्पांना ऐकू येईल. दोन्ही जमलं तर बघा."

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझा आणि पदार्थविज्ञानाचा संबंध आलेला नाही, आणि मॅट्रिकपर्यंतचाही तसा औपचारिकच होता. म्हणून मी शिक्षकांच्या खोलीत आमच्या विज्ञानाच्या सरांपुढे पाटी ठेवली. सर मनुष्य मोठा रसिक, पण आकड्यांशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. मी पहिलाच प्रश्न वॅटचा विचारला, आणि त्यांना माझ्या तरुणपणीचे ते टेपरेकॉर्डर आठवले. वाचकांपैकी चाळिशी ओलांडलेल्यांनाही आठवतील. १९९०च्या आसपास बाजारात डबाभर टेपरेकॉर्डरवर सोनेरी चिठ्ठी असे: 'हजार वॅट पी.एम.पी.ओ.' सर म्हणाले, "अहो, घरातली इस्त्री हजार वॅटची असते. तो डबा खरोखर हजार वॅटचा असता तर त्यावर भाकरी भाजून निघाली असती." ते पी.एम.पी.ओ. म्हणजे निमिषमात्र निघू शकणाऱ्या जोराचा फुगवलेला आकडा; तो कसा मोजावा याचे सर्वमान्य मापच नव्हते, म्हणून ज्याची चिठ्ठी मोठी त्याचे वॅट जास्त. सतत, न थकता निघणारा जोर आर.एम.एस. या नावाने सांगतात. वाचायचाच असेल तर तो आकडा वाचावा.

पण सरांनी त्या आकड्याचीही हवा काढून घेतली. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तो अवघा तीन डेसिबेल. कानाला तो 'किंचित मोठा' एवढाच वाटतो. कानाला दुप्पट वाटावयाचा तर सुमारे दहा डेसिबेल पाहिजेत, म्हणजे वॅट दहापट! पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅट घेणारा मनुष्य दुप्पट पैसे मोजून किंचित घेऊन येतो. त्यापेक्षा स्पीकरच्या कागदावर एक बारीकसा आकडा असतो तो पाहावा: एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबेल ऐकू येते. एकाचे ८५ आणि दुसऱ्याचे ८८ असेल, तर दुसरा पहिल्याच्या निम्म्या वॅटात तेवढाच बोलतो. आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, शेजाऱ्यांशी संबंध टिकवून ऐकावयाचे, तर एखाद-दुसरा वॅटही पुरतो. हे ऐकून चिरंजीवांचा चेहरा उतरला. हजार वॅटच्या भाषेत स्वप्ने पाहणाऱ्याला एक वॅट म्हणजे अपमानच.

"वॅट राहू दे," ते म्हणाले, "पण सबवूफरशिवाय खालचा आवाज येतच नाही."

खालचा म्हणजे किती खालचा? हा प्रश्न मात्र मिरजेत विचारावा तसा दुसऱ्या गावात विचारता यावयाचा नाही. आमच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे गिऱ्हाईक येते ते तंबोऱ्यावर काय लिहिले आहे हे पाहावयास नव्हे. कारागीर घोडी घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि जवारी लागली की गिऱ्हाईक डोळे मिटते. मी आणि सर तिथल्याच एका ओळखीच्या कारागिराच्या ओट्यावर बसलो आणि हिशेब केला. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ वर. माणसाचा कान म्हणे २० पासून २०,००० पर्यंत ऐकतो. चांगला, पाच-सव्वापाच इंच पडद्याचा मांडणीवर ठेवावयाचा स्पीकर साठाच्या आसपास पोचतो. म्हणजे आमच्या घरातल्या गाण्याबजावण्याचा सारा कुटुंबकबिला साठाच्या वरच नांदतो. त्याखाली राहतात ते चित्रपटांतले स्फोट, भूकंप, हल्लीच्या यांत्रिक संगीतातले काही ठोके, आणि ख्रिस्ती देवळांतल्या ऑर्गनच्या मोठ्या नळ्या. त्यांच्याशी ज्याचा घरोबा असेल त्याने सबवूफर जरूर घ्यावा. ती काही पापाची वस्तू नव्हे. पण मग खरा घ्यावा. कारण तेवढाच आवाज ६० ऐवजी ३० हर्ट्झवर काढावयाचा तर दुप्पट नव्हे, चौपट हवा ढकलावी लागते. त्याला मोठा पडदा, मजबूत चुंबक आणि जडशीळ पेटी पाहिजे, आणि या तिन्ही वस्तू वजनावर विकतात. चार इंची पडद्याच्या हलक्या डब्यावर 'सबवूफर' असे छापले म्हणून तो खाली उतरत नाही. तो आपला एकाच ठिकाणी घुमतो. ढोल असो, मृदंग असो, तोफ असो, त्याचे उत्तर एकच, 'ढुम्'. शाळेत काही मुले कोणत्याही प्रश्नाला 'शिवाजी महाराज' असे उत्तर देतात, त्यांतलाच प्रकार.

जाता जाता आमच्याकडची एक गंमत सांगून टाकतो. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात गणपतीच्या मिरवणुकीपुढे स्पीकरची जी भिंत चालते तिला 'डॉल्बी' म्हणतात. 'मंडळानं यंदा डॉल्बी आणलाय', असे मंडळ अभिमानाने आणि म्हातारेकोतारे कपाळाला हात लावून सांगतात. रे डॉल्बी हा अमेरिकन गृहस्थ १९६०च्या दशकात प्रसिद्धीस आला तो टेपवरची खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळे! ज्याने आवाजातला कचरा काढला त्याचे नाव आम्ही कुणाला द्यावे? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा आहे. त्या भिंतीपुढे हे आकडे वाचून दाखवावे म्हटले तर ऐकू कुणाला जाणार?

सुट्टी पाहून मी आणि चिरंजीव पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन आलो. तिथल्या एका दुकानात काचेच्या गार खोलीत आम्हाला कोचावर बसवून विक्रेत्याने दिवे मंद केले. मग त्याने त्याच्या पसंतीचे एक इंग्रजी गाणे तीन संचांवर लावले. स्वस्त, मध्यम आणि महाग अशी चढती भाजणी होती, आणि खरोखरच प्रत्येक पायरीवर आवाज अधिक भरदार, अधिक जिवंत वाटला. चिरंजीव माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागले. मी मात्र विक्रेत्याच्या अंगठ्याकडे पाहत होतो. आम्हा चित्रकारांना प्रेक्षकाचे मन चौकटीकडे पाहून कसे बनते ते ठाऊक असते. सोनेरी चौकट आणि वरून सोडलेला पिवळा उजेड यांनी सुमार चित्रालाही मोल चढते. त्याचा अंगठा दर पायरीला आवाजाचे बटण केसभर पुढे सरकवीत होता. एखाद-दोन डेसिबेलचा फरक कानाला 'मोठा' असा कळत नाही, 'चांगला' असा कळतो. हे कानाचे भाबडेपण सगळ्या दुनियेत सारखे आहे.

याचा उलगडा परतल्यावर सरांनी केला. फ्लॉइड टूल नावाच्या कॅनडातील शास्त्रज्ञाने आयुष्य स्पीकर पारखण्यात घालवले. १९९४ साली त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच माणसांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून ऐकवले आणि एकदा समोर दिसत असताना. दिसू लागताच मोठ्या आणि महागड्या स्पीकरांचे गुण वाढले! गंमत म्हणजे ऐकणारे स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते. टूल यांना वर्षानुवर्षांच्या अशा चाचण्यांतून आढळले ते असे, की पडदा टाकला म्हणजे बहुतेकांची आवड एकाच ठिकाणी येते: ज्या स्पीकरात कोणताही स्वर पुढे घुसत नाही आणि कोणताही मागे राहत नाही, तो. त्याची किंमत कधी जास्त असते, कधी नसते.

मग काय, आम्ही पडदा टाकावयाचे ठरवले. सांगलीतल्या एका दुकानदारांचा मुलगा माझ्या वर्गात आहे; त्याला हत्ती चांगला काढता येतो या माझ्या प्रामाणिक मताचा उपयोग झाला. 'सोमवारी शाळेच्या आत परत' या बोलीवर त्यांनी दोन संच दिले. एक होता थोरला: पाच छोटे स्पीकर, एक भला मोठा सबवूफर, किंमत अठ्ठावीस हजार. दुसरी धाकटी: काळ्या, बुटक्या, आतच अॅम्प्लिफायर असलेल्या दोन पेट्यांची जोडी, साडेसतरा हजार. चिरंजीवांनी थोरल्याला स्वतः उचलून घरात आणले. धाकटी रिक्षातच राहिली होती.

शनिवारची संध्याकाळ सबवूफरला जागा शोधण्यात गेली. लोकांना वाटते, खोके कुठेही ठेवावे. एका परीने ते खरे आहे. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला धड सांगता येत नाही. पण तो किती येतो हे मात्र खोली ठरवते. सरांनी फळ्यावर मांडावे तसे वहीत मांडले: आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, आमची खोली बारा फूट लांब, म्हणून ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर या दोन भिंतींत नेमका अडकून घुमणार. भिंतीशी बसलेल्याला तो छातीवर आदळणार आणि मध्यभागी बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येणार नाही. तीस हजार मोजून आणलेले सुख पंक्तीत एकाला चार लाडू आणि शेजारच्याला रिकामी वाटी अशा तऱ्हेने वाढले जाणार! यावर जाणत्यांनी एक उपाय काढला आहे. सबवूफर आपल्या बसावयाच्या जागी ठेवायचा, आणि आपण भिंतीकडेने रांगत हिंडायचे. जिथे कानाला ठोका स्वच्छ आणि सारखा वाटेल तिथे सबवूफर मांडायचा. त्याप्रमाणे सबवूफर आरामखुर्चीत विराजमान झाला आणि मी लेंगा सावरून जमिनीला कान लावीत निघालो. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारावयास आल्या.

"अगं, काय हरवलं गं यांचं?" त्यांनी दारातूनच विचारले.

"काही नाही काकू," आतून उत्तर आले, "आवाज शोधताहेत."

त्या रांगण्यात एक लाभ झाला तो फुकटचा. आमच्या खोलीला शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. टाळी वाजवली की तीन टाळ्या ऐकू येत. सरांच्या सांगण्यावरून खाली सतरंजी अंथरली, एका भिंतीवर आजीची गोधडी टांगली, दुसरीकडे पुस्तकांची मांडणी सरकवली. जुन्या टीव्हीच्याच आवाजातली माणसे जराशी कमी पुटपुटू लागली! गोधडीने खालचा घुमारा आवरत नाही, तो तिच्या आवाक्याबाहेरचा. पण बोलण्याचा जो चिखल होतो तो ती टिपून घेते. स्पीकर घेण्यापूर्वी प्रत्येकाने घरातली गोधडी टांगून पाहावी असे मी म्हणेन. दुकानदार हे सांगणार नाहीत.

रविवारी सकाळी परीक्षा झाली. दोरीवर जुने लुगडे टाकून आड दोन्ही संच मांडले. मोबाइलवरच्या मापकाने सरांनी दोन्हींचा आवाज समसमान केला. लुगड्यामागे सौभाग्यवती, कोणता संच कधी वाजवायचा हे फक्त त्यांच्या मनात. परीक्षक आम्ही चौघे. अप्पा यायला तयार नव्हते. "माझं काय काम? मला कुठं काय कळतंय त्यातलं," असे म्हणत होते. चिरंजीवांनी त्यांना हाताला धरून आणले आणि खुर्चीवर बसवले.

आधी चित्रपट. विमान कोसळले तेव्हा चौघांनीही एकाच संचाला गुण दिले; कपबशा किणकिणल्या, चिरंजीव धन्य झाले. मग त्याच चित्रपटातले दोन माणसांचे बोलणे लावले, आणि चिरंजीवांनी स्वतःच्या हस्ताक्षरात दुसऱ्या संचाला जास्त गुण मांडले. लुगडे बाजूला झाल्यावर ते स्वतःची पाटी पुनःपुन्हा पाहत होते. मग बातम्या. अप्पांनी प्रत्येक वाक्य ऐकून परत म्हणावयाचे. थोरल्यावर त्यांना निम्मे शब्द लागले. सबवूफर बंद केला तेव्हा थोडे अधिक; खालचा घुमारा वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो हे सरांनी मागाहून सांगितले. धाकटीवर त्याहून बरे. पण सगळे नाहीत. 'कोकणात पाऊस' हे वाक्य अप्पांनी 'कोकणात पाऊल' असे म्हटले, आणि कुणी हसले नाही.

शेवटी मी एक ध्वनिफीत लावली. १९८८ सालच्या सप्ताहातली, देवळात बसून कुणीतरी भरून घेतलेली. चिरंजीवांनी ती मोबाइलवर उतरवून ठेवली होती. तबल्यावर अप्पा स्वतः. तेव्हा ते चाळिशीचे होते, म्हणजे आजच्या माझ्याएवढे.

पहिल्या आवर्तनाला अप्पांची मान वर झाली. थोरला संच चालू होता. त्यांनी हात झटकला. "हा डग्गा नव्हे. गोणी आपटतोय कुणीतरी." खरेच होते ते. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवले की सूर खालून वर घसरत जातो, गळ्यातून हुंकार यावा तसा. त्या पेटीतून निघताना प्रत्येक हुंकाराची एकच गोणी होत होती. मग लुगड्यामागे संच बदलला. अप्पांचे डावे मनगट गुडघ्यावर आपोआप दाबले गेले. "हां," ते म्हणाले, "हे माझं मनगट. इथं मी घिस्सा घेतलाय. ऐक, आता परत घेईन." आणि त्यांनी घेतला. साडेसतरा हजारांच्या त्या बुटक्या जोडीचे मोल मला त्या क्षणी कळले. ती किती खाली जाते यात ते नव्हते, खाली गेल्यावरही एका सुराला दुसऱ्यापासून वेगळे ठेवते यात होते. पारखायचे ते हे.

पण अप्पांचे बोलणे संपले नव्हते. ते पुढे वाकून ऐकू लागले. "चाट कुठाय?" त्यांनी विचारले. "हा 'ना' मेल्यासारखा येतोय. टेप झिजली असेल. का तुमच्या या पेटीत चाट येत नाही?" सरांनी वरच्या पट्टीचा आवाज वाढवला. आमच्या कानात चाटेवरचा 'ना' टिणटिण वाजत होता, अगदी नको इतका. "अजून नाही," अप्पा म्हणाले. "मी असा 'ना' कधी वाजवलाच नाही. माझं बोट चाटेवरच पडायचं."

"आजोबा," चिरंजीव हळूच म्हणाले, "वाजतोय की."

अप्पांनी आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिले. मग उजव्या हाताची तर्जनी उचलून खुर्चीच्या हातावर दोनदा आपटली. बोटाला सारे आठवत होते. "असं होय," ते म्हणाले आणि उठून सोप्यात गेले नाहीत, तिथेच बसून राहिले.

वय झाले म्हणजे कानाचा वरचा मजला आधी अंधारतो. 'स', 'श', 'त' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग दोन-तीन हजार हर्ट्झच्या वर असतो. तो जातो आणि स्वर तेवढे उरतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि माणसाला वाटते की दुनिया पुटपुटते आहे. तिथे अठ्ठावीस हजारांचाच काय, लाखाचा स्पीकर आणला तरी तो बंद दारावर थाप मारीत राहणार. त्या संध्याकाळी सरांनी मला एडगर विल्चर यांची गोष्ट सांगितली. १९५४ सालापर्यंत खोल आवाजासाठी कपाटाएवढी पेटी लागत असे. या अमेरिकन गृहस्थांनी छोटी पेटी हवाबंद केली आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच पडद्याची स्प्रिंग बनवले; मांडणीवर मावणारी पेटी खर्जात बोलू लागली. पुढे त्यांच्या कंपनीने वादकांना स्पीकरशेजारी बसवून जाहीर कार्यक्रम केले. वादक मध्येच नुसता गज हलवीत, आवाज स्पीकरचा येई, आणि पुष्कळ श्रोत्यांना ते कळत नसे. एवढे यश मिळाल्यावर त्यांनी स्पीकरचा धंदा विकला आणि ते श्रवणयंत्राच्या मागे लागले. आवाजाचे वेगवेगळे पट्टे पाडून प्रत्येकातले हळू ते अधिक वाढवायचे आणि मोठे ते कमी, ही त्यांची रीत १९७३ साली प्रसिद्ध झाली. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. ज्याला हवी त्याने वापरावी.

सोमवारी शाळेच्या आत थोरला संच परत गेला. धाकटीचे पैसे मी चुकते केले. तिच्या पाठीला सबवूफर जोडावयाचे एक भोक आहे. ते पहिल्या कमाईतून भरण्याचा चिरंजीवांचा निर्धार आहे, आणि मी त्याला संमती दिली आहे, कारण तेव्हा रांगण्याची पाळी त्यांची असेल. उरले साडेबारा हजार. अप्पा कान तपासून घ्यावयास राजी होतील की नाही याची मला धास्ती होती. 'मी काय बहिरा झालोय?' हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात दोनदा विचारला गेला होता, आणि दोन्ही वेळा विषय तिथेच मिटला होता. या खेपेला त्यांनीच सकाळी कोट चढवला. "डग्ग्याचा कान शाबूत आहे," ते वाटेत म्हणाले, "चाटेचा तेवढा बघून घेऊ."

तपासणीचा आलेख मी घरी आणून पुन्हा मोठ्या कागदावर काढला, सवयच ती. डावीकडे हजार हर्ट्झपर्यंत रेघ पठारासारखी बऱ्यापैकी सपाट आणि तिथून पुढे आंबा घाट. यंत्राची किंमत उरलेल्या पैशांत बसत नाही. हप्ते बांधले आहेत. आठ दिवस ते वापरून पाहावयास मिळाले. पहिले दोन दिवस अप्पांना भांडी, पंखा, सुनेच्या बांगड्या आणि माझे चहा पिणे या साऱ्यांचा त्रास झाला, आणि तसे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले. घरात पुन्हा कुरकुर सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्या संपल्यावर त्यांनी ती सप्ताहाची फीत लावायला सांगितली. आम्ही सगळे काम टाकून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो. 'ना' आला, गेला, पुन्हा आला. ते त्यावर काहीच बोलले नाहीत. पूर्ण अभंग होऊन द्रुत लय सुरू झाली तेव्हा त्यांनी कपाळाला आठी घातली.

"डग्गा उतरलेला होता," ते म्हणाले. "त्या रात्री पाऊस होता. पुडी सादळली होती. मी तेव्हाच म्हणालो होतो, शेकून घ्या म्हणून. कुणी ऐकलं नाही."